दोन टप्प्यांत आर्ग्युमेंट्स वाचायच्या आधीची तयारी

पायथन स्क्रिप्टच्या कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. एकच सेटिंग कोडमध्ये, कॉन्फिग फाइलमध्ये आणि कमांड लाइनवर असं तीन ठिकाणी वेगवेगळं दिलेलं असेल, तर ऐकायचं कुणाचं? माझ्या मते, ज्याने आत्ता टर्मिनलवर टाइप केलं त्याचं. फाइल कुठली ते कमांड लाइन सांगणार आणि बाकीच्या पर्यायांची डिफॉल्ट्स फाइल सांगणार, म्हणून तर टप्पे पाडायचे: पहिल्यात फक्त फाइलचं नाव वाचायचं, दुसऱ्यात बाकीचं सगळं.

आर्गपार्स हे कमांड लाइनवरची आर्ग्युमेंट्स वाचणारं मॉड्यूल पायथन ३.२ पासून सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. पहिल्या पार्सरमध्ये (म्हणजे पर्याय वाचणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) फक्त --कॉन्फिग ठेवा, फार तर लॉगिंगची पातळी. त्याला ॲड_हेल्प=फॉल्स द्या, नाहीतर मदतीसाठीचं -एच दिल्याबरोबर अर्धवट मदत छापून स्क्रिप्ट तिथेच थांबते. मग पार्स_नोन_आर्ग्ज वापरा. ते ओळखीचे पर्याय नेमस्पेसमध्ये (वाचलेल्या व्हॅल्यू ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) आणि न ओळखलेले शब्द वेगळ्या यादीत देतं.

पहिल्या पार्सरला अलाव_ॲब्रेव्ह=फॉल्स द्यायला विसरू नका. आर्गपार्स पर्यायाचं अर्धवट नावही चालवून घेतं, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यासाठी लिहिलेलं --कॉन हे पहिला पार्सर --कॉन्फिग समजून गिळून टाकू शकतो. चूक दिसते दुसऱ्या टप्प्यात, आणि आपण शोधत बसतो तिथेच.

दुसऱ्या पार्सरला पेरेंट्स या आर्ग्युमेंटमधून पहिला द्या, म्हणजे मदतीच्या मजकुरात सगळे पर्याय एकत्र दिसतील. मात्र तेव्हा त्याला नुसती उरलेली यादी देऊ नका; --कॉन्फिग त्यात नसल्यामुळे त्याची व्हॅल्यू नन, म्हणजे रिकामी, होते. पूर्ण यादी पुन्हा द्या, किंवा उरलेल्या यादीसोबत पहिली नेमस्पेस द्या.

सगळ्यात जास्त वेळ फाइलमधल्या व्हॅल्यूंसाठी राखून ठेवा. त्या व्हॅल्यू डिफॉल्ट म्हणून बसवणारं सेट_डिफॉल्ट्स सगळे पर्याय जोडून झाल्यावरच बोलवा. आधी बोलावलं आणि नंतर पर्याय जोडणाऱ्या ॲड_आर्ग्युमेंटमध्ये स्पष्ट डिफॉल्ट लिहिलं, तर फाइलमधली व्हॅल्यू हरते. फाइलमधली नावं स्वतः तपासा, कारण स्पेलिंग चुकलेलं नाव तक्रार न करता नेमस्पेसमध्ये जाऊन बसतं. --ड्राय-रन चं नाव फाइलमध्ये ड्राय_रन असं अंडरस्कोरने लिहावं लागतं, हेही तेव्हाच पाहा. रिक्वायर्ड=ट्रू असलेल्या, म्हणजे सक्तीच्या, पर्यायाची व्हॅल्यू फाइलमध्ये असली तरी आर्गपार्सचं समाधान होत नाही, ते एरर देतं. अशा पर्यायांवरचं रिक्वायर्ड काढा आणि शेवटी स्वतः तपासून पार्सर.एरर बोलवा, तो २ हा एक्झिट कोड देऊन थांबतो.

आता स्ट्रिंग्ज. कॉन्फिग फाइल वाचणारा पायथनचा कॉन्फिगपार्सर सगळं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच देतो. टाइप=इंट असेल तर स्ट्रिंग डिफॉल्टचं आर्गपार्स रूपांतर करतं, पण स्टोअर_ट्रूच्या (नुसतं नाव दिलं की ट्रू होणाऱ्या पर्यायांच्या) बाबतीत तसं काही होत नाही. फाइलमध्ये 'फॉल्स' लिहिलं तर ती रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे पायथनच्या लेखी खरीच. ड्राय_रन = ट्रू असलेली फाइल तपासताना सगळं बरोबर चालतं, म्हणून 'फॉल्स' लिहिलेली फाइल मुद्दाम चालवून पाहा. असे पर्याय कॉन्फिगपार्सरच्या गेटबूलियनने वाचा.

स्क्रिप्टच्या मेन फंक्शनला आर्गव्ही=नन असं आर्ग्युमेंट द्या, म्हणजे टेस्टमधून यादी थेट देता येते. मग चार टेस्ट लिहा: काहीच न देता, फक्त फाइल, फक्त कमांड लाइन, आणि दोन्हीकडे वेगवेगळी व्हॅल्यू. चौथी टेस्ट आधी लिहा.