रोप आणायच्या आधी मोठं झालेलं झाड पाहून या

राजेहो, मृग लागला की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, झाडं लावायची घाई सुटते, नर्सरीत जे रोप हिरवं दिसलं ते आपण उचलून आणतो. माझं सांगणं एवढंच हाय का ते झाड वीस वर्षानं केवढं होते ते आधी डोळ्यानं पाहा. अकोल्याला काम निघतेच, तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चक्कर मारा, तिथं औषधी झाडांचं नागार्जुन उद्यान हाय. कोणत्याही विद्यापीठाच्या बागेत मोठ्या झाडाखाली उभं राहा, बुंध्याला कव घालून पाहा अन् सावलीचा घेर पावलांनी मोजा, मंग आपल्या धुऱ्यावर किती अंतर सोडायचं ते आपोआप समजते.

मी हे केलं नाही. दक्षिणेकडच्या धुऱ्यावर दहा-दहा फुटावर निंब लावले, अन् हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो म्हणून सावली उत्तरेला पडते, म्हणजे सरळ माझ्या हरभऱ्यात. धुऱ्याजवळची हरभऱ्याची चार तासं, म्हणजे ओळी, दरवर्षी खुजी राहतात. म्हणून मोठी झाडं उत्तरेच्या धुऱ्यावर घ्या, पण ती सावली शेजाऱ्याच्या वावरात जाईन, त्याले आधी विचारा, नाहीतर भांडण ठरलेलं.

साग पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत लावू नका, मुळं सडतात. नाल्याच्या काठाला अर्जुन लावा, त्याले ओल मानवते.

आता बियाचं. निंबोळ्या पिवळ्या होऊन पडू लागल्या की लगेच वेचा, गर धुऊन काढा, सावलीत सुकवा अन् दोन-तीन आठवड्यांत पिशवीत लावून टाका. पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवलेली निंबोळी उगवत नाही, लय लोकं इथंच फसतात अन् म्हणतात बी खराब होतं. मोहाचं बी पण तसंच, ताजं असतानाच लावा. सागाचं उलटं हाय, त्याचं कवच टणक, आठवडाभर रात्री भिजवा अन् दिवसा उन्हात वाळवा तेव्हा कुठं ते फुटते. बी घेताना आपल्याच शिवारातलं सरळ वाढलेलं, निरोगी झाड पाहा, अन् एकाच झाडाचं सगळं घेऊ नका, चार-पाच झाडांचं मिसळा.

खड्डे दीड-दीड फुटाचे, उन्हाळ्यातच खोदून तापू दिलेले बरे, मुळं खाणारी हुमणी अळी अन् वाळवी कमी होते. रोप मात्र दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावरच लावा, पहिल्या सरीवर भुलू नका.