एका ओळीचा बदल, सहाशे ओळींचा डिफ

नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्यांचे भाव दाखवणारं एखादं ओपन सोर्स ॲप धरा. एक जण कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर लिहितो, दुसरा हिंगण्याच्या खोलीवर लिनक्सवर, तिसरी मॅकवर. पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल सामील करा या विनंतीत) सरासरी काढायची एकच ओळ बदललेली असते, पण डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) सहाशे ओळी लाल-हिरव्या झालेल्या. अशा वेळी कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या 'गिट डिफ'ला '-डब्ल्यू' (लहान w) लावून पाहा. सहाशेच्या जागी एकच ओळ उरली, तर गडबड फक्त मोकळ्या जागेची आहे, आणि बहुतेकदा ती ओळीच्या शेवटी लपलेली असते.

विंडोजवर ओळ सीआर आणि एलएफ या दोन बाइटांनी संपते, लिनक्स-मॅकवर एकट्या एलएफने. डोळ्याला फरक दिसत नाही; गिटला मात्र प्रत्येक ओळ नवी वाटते. प्रत्येकाला 'ऑटोसीआरएलएफ'ची (ओळीचा शेवट आपोआप बदलण्याची) सेटिंग बदलायला सांगत बसू नका, नवीन मुलगा आला की तेच पाढे परत. रेपोच्या (प्रकल्पाच्या संग्रहाच्या) मुळाशी '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइल ठेवा आणि तिच्यात '* टेक्स्ट=ऑटो इओएल=एलएफ' लिहा. '.बॅट' फाइलींसाठी 'इओएल=सीआरएलएफ'ची वेगळी ओळ घाला. मग जुन्या फाइलींनाही हा नियम लागावा म्हणून 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' चालवून कमिट करा, म्हणजे बदलाची नोंद करा.

एडिटरचे नियम ठेवणाऱ्या '.एडिटरकॉन्फिग' फाइलीचं काम पाच मिनिटांचं: यूटीएफ-८, फाइलीच्या शेवटी नवी ओळ, ओळीमागच्या रिकाम्या जागा साफ. मार्कडाउनला ही सफाई बंद ठेवा, तिथे शेवटच्या दोन स्पेसचा अर्थ 'ओळ तोडा' असा होतो. मेकफाइलला टॅबच लागतो.

फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, निवडताना चर्चा लांबवू नका. पायथनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रेटियर, 'गो' भाषेला गोफमट, रस्टला रस्टफमट. ब्लॅकची ओळ ८८ अक्षरांची, प्रेटियरची ८०. आहे ते राहू द्या. टॅब की स्पेस हा वाद पोह्यांवर तर्री किती घ्यायची याच्यासारखा आहे, कधीच मिटत नाही.

आवृत्ती मात्र अगदी आकड्यापर्यंत पक्की करा. २०२३मध्ये आलेल्या प्रेटियर ३.०ने शेवटच्या स्वल्पविरामाचा मूळ नियम बदलला: फंक्शनचे आर्ग्युमेंट अनेक ओळींत गेले की तिथेही स्वल्पविराम येतो. एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल तर तोच स्वल्पविराम एक लावतो, दुसरा काढतो. ब्लॅकच्या स्थिर शैलीतले बदलही दरवर्षी जानेवारीत येतात. म्हणून पॅकेजच्या यादीत आकड्याआधी '^' नको, ते पुढची आवृत्तीही चालवून घेतं.

कमिटआधी फॉरमॅटर चालवणारा 'प्री-कमिट'चा हुक क्लोनबरोबर (रेपोची प्रत घेताना) येत नाही. प्रत्येकाने एकदा 'प्री-कमिट इन्स्टॉल' चालवायचं, हे रीडमीत ठळक लिहा. हुकने फाइल सुधारली की ते कमिट अडतं आणि नवखे घाबरतात. फाइल परत ॲड करा, परत कमिट करा, झालं. सीआयमध्ये (पुल रिक्वेस्ट आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) फॉरमॅटरची तीच आवृत्ती, पण फक्त '--चेक', म्हणजे नुसती तपासणी (गोफमटला '-एल'). सीआयलाच दुरुस्ती पुश करायला लावलं तर फोर्कमधून (दुसऱ्याने आपल्या खात्यात घेतलेल्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टवर गिटहबचं टोकन (परवानगीची किल्ली) सहसा फक्त वाचण्यापुरतं असतं आणि काम तिथेच अडतं.

आता सगळ्यात जोखमीचा भाग: जुना कोड एकदम फॉरमॅट करणं. नियमांच्या फाइली आधीच्या कमिटमध्ये जाऊ द्या. फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये हाताने केलेला एकही बदल नको. ते मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) गेल्यावर त्याचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' फाइलीत टाका. नाहीतर ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आदेशात) प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव. हॅश मर्जनंतरच घ्या, कारण स्क्वॉश (अनेक कमिट एकत्र) किंवा रिबेस (कमिट नव्या पायावर) केलं की तो बदलतो. गिटहब ही फाइल आपोआप वाचतं. स्वतःच्या मशीनवर गिट २.२३ किंवा पुढचं लागतं आणि 'ब्लेम.इग्नोररेव्जफाइल' ही सेटिंग करावी लागते. ती '--ग्लोबल' करू नका, फाइल नसलेल्या रेपोत ब्लेम चालतच नाही.

ज्यांच्या ब्रँच अर्धवट आहेत त्यांनी आधी फॉरमॅटिंगच्या लगेच आधीचं कमिट आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करावं, तोच फॉरमॅटर चालवून कमिट करावं, मग फॉरमॅटिंगचं कमिट 'गिट मर्ज -एस अवर्स'ने घ्यावं. '-एस अवर्स'मध्ये मर्जची नोंद होते, पण मजकूर आपल्याच ब्रँचचा राहतो, म्हणून ते फक्त त्या एका हॅशला. घाईत मेनच्या टोकाला लावलं, तर त्यानंतरचं इतरांचं काम तुमच्या ब्रँचमधून गुपचूप पुसलं जातं, कॉन्फ्लिक्टसुद्धा दिसत नाही.

मराठी मजकुराच्या फाइली वेगळ्या तपासा, स्ट्रिंगच्या आतली अक्षरं फॉरमॅटर सुधारत नाही. 'व्यापाऱ्याचा' हा शब्द एकाने थेट 'ऱ' वापरून लिहिलेला असतो, दुसऱ्याने 'र'खाली नुक्ता देऊन, तिसऱ्याने 'र्'पुढे अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) टाकून. दिसतात सारखे, शोधताना जुळत नाहीत. युनिकोडचं एनएफसी रूप केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो. त्याच्यासाठी जोडचिन्ह शोधून बदलणारी छोटी स्क्रिप्ट हुकमध्ये जोडावी लागते.