ऑफिसचा जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज) काढून आयपी फोनवर (नेटवरून चालणारे फोन) जायचंय? मग आधी हे बघा

सिस्टीम बदलायची म्हटलं की लोक आधी फोनचे मॉडेल बघत बसतात, ते सगळ्यात शेवटी बघा. पहिलं काम म्हणजे एका वेळी बाहेरचे जास्तीत जास्त किती कॉल चालू असतात ते मोजणं. टेबलं 30 आहेत म्हणून लाईनी 30 लागत नाहीत. 1878 मधे अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं कमर्शियल एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईकं 21 होती आणि एका वेळी बोलणी फक्त दोन व्हायची, पुढे हाताने वायर खोचणारे ऑपरेटर गेले, 1891 च्या स्ट्रोजरच्या पेटंटनंतर मशीन कॉल जोडायला लागलं, आता तेच काम सॉफ्टवेअर करतं, पण लाईनींचा हिशोब तोच आहे.

आता नेट. जी 711 कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) असेल तर एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण 87 केबीपीएस धरा, म्हणजे 10 कॉलना 1 एमबीपीएस पण लागत नाही. त्यामुळे स्पीड विकत घेत सुटू नका, आवाज तुटतो तो बहुतेक वेळा जिटरमुळे (डेटाची पाकिटं मागेपुढे पोचणं), कोणीतरी मोठी फाईल अपलोड करतं आणि कॉल रोबोटसारखा होतो. फोनला वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) द्या, राऊटरमधे क्यूओएस (कॉलच्या डेटाला आधी जाऊ देणारं सेटिंग) लावा, आणि सिप एएलजी नावाचं, कॉलच्या डेटात फेरफार करणारं सेटिंग दिसलं तर बंद करा, ते मदतीपेक्षा त्रासच जास्त देतं (एकाच बाजूचा आवाज येणं वगैरे).

जुन्या फोनला करंट एक्स्चेंजकडून लाईनवरच यायचा, 48 व्होल्ट, म्हणून लाईट गेली तरी साधा फोन चालायचा. आयपी फोनचं तसं नाही, स्विच पीओई (नेटच्या वायरीतूनच फोनला करंट देणारा) घ्या आणि स्विच, राऊटर दोन्ही यूपीएसवर टाका. हे खरंच विसरतात लोक.

फॅक्स किंवा गेटचा साधा फोन असेल तर फेकू नका, एटीए (साधा फोन नेटला जोडणारी डबी) लावून चालतो, फॅक्सला टी 38 (नेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) सपोर्ट बघून घ्या.

कॉल जोडणारा सर्व्हर स्वतःचा ठेवायचा तर 1999 पासूनचं ॲस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर आहेच, फुकट आहे, पण सांभाळणारा माणूस पाहिजे, नसेल तर सरळ क्लाऊड (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी सिस्टीम) घ्या. स्वतःचा ठेवलात तर एक्स्टेन्शन 101 ला पासवर्ड 101 असलं काही ठेवू नका, बॉट (आपोआप चालणारे हॅकिंगचे प्रोग्रॅम) दिवसरात्र हेच शोधत असतात आणि रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढवतात, आयएसडी लागत नसेल तर बंदच करा.

आणि जुना नंबर नवीन सिस्टीमवर पोर्ट (तोच नंबर इकडे हलवणं) होऊन इनकमिंग नीट येईपर्यंत जुनी लाईन बंद करायचा अर्ज देऊ नका, नंबर हातचा जाऊ शकतो.