उचल घ्यायच्या आधी टनाचा हिशेब कसा लावायचा

आषाढ लागला की ऊसतोडीला मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची मोटरसायकल वस्तीवर चकरा मारायला लागती, आणि नेमकं त्याच टायमाला खत-बी, पोरांची फी, दवाखान्याची उधारी सगळं अंगावर आलेलं असतं. त्यात २०२४-२५ चं सोयाबीन हमीभाव क्विंटलला ४,८९२ असताना चार हजाराच्या आसपास विकून बसलेलो. मग बीड, धारूर, केज, पाटोदा, गंगाखेड, कुठलंही घ्या, माणूस लाखाच्या उचलीला, म्हणजे तोडणीआधीच मिळणाऱ्या आगाऊ पैशाला, हो म्हणतो आणि मोकळा होतो. शहरातले पाहुणे म्हणतात लोक आळशी झालेत, त्यांनी एकदा पहाटे चारला उसाच्या फडात येऊन बघावं. कष्ट कमी नाहीत हो, पैसा आधी हातात येतो आणि काम नंतर फेडत बसावं लागतं, घोळ तिथं आहे.

तर पहिली गोष्ट, उचल रुपयात मोजूच नका, टनात मोजा. साखर कारखाने आणि तोडणी कामगार संघटनांच्या जानेवारी २०२४ च्या करारात ऊस तोडणीचा दर २७३ वरून ३६६ रुपये टन झाला (टायर-बैलगाडीवाल्यांचं गणित वेगळं, ते आपलं आपण विचारून घ्या). आता १,००,००० भागिले ३६६ करा, २७३ टन येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर १३७ दिवस झाले, म्हणजे साडेचार महिने, एक पण सुट्टी न घेता, आजारी न पडता, बाईची पाळी-बाळंतपण काहीच न मोजता!

पण पाऊसपाणी कमी झालं, ऊस कमी पडला आणि कारखाना शंभर दिवसात बंद झाला तर? २०० टन, म्हणजे ७३,२०० फिटले. २६,८०० राहिले. आता यात खर्ची, म्हणजे हंगामात खाण्यापिण्याला मुकादमाकडून घ्यायचे पैसे, धरा, आठवड्याला हजार म्हणलं तरी चौदा आठवड्याचे १४,०००, ते पण उचलीतच चढतात. आणि खाडे, म्हणजे कामाला न गेलेले दिवस. खाड्याला ५०० दंड धरला तर पाच खाड्याचे २,५०० झाले, पण लोक इथंच फसतात, कारण त्या पाच दिवसाचे १० टन पण गेले ना, म्हणजे अजून ३,६६०. सगळी बेरीज केली तर हंगाम संपताना ४६,९६० रुपये अंगावर आणि ते फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जायचं. ही फिरती बाकी एकदा लागली की माणूस दुसरीकडं दर चांगला असला तरी जाऊ शकत नाही, गरिबी पिढ्यानपिढ्या चालती ती अशी.

म्हणून हो म्हणायच्या आधी आपल्याला खरंच किती लागतंय ते लिहून काढा आणि शंभर दिवसात जेवढं फिटंल तेवढंच उचला. वरच्या हिशेबानं खर्ची आणि खाडे वजा जाता ते ५३,००० च्या आसपास येतं. लग्नासाठी दीड-दोन लाख उचलणारे आमच्याकडं लई आहेत, त्यांना सांगून उपयोग नसतो, पण निदान बायकोला इचारून तरी घ्या, अर्धा कोयता तिचाच आहे आणि सही एकट्या नवऱ्याची असती.

बोलणी करताना दर, खाड्याचा दंड, जायचा-यायचा खर्च, वाढ्याचे (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याचे) पैसे कुणाचे, आजारपणात काय, हे सगळं चार माणसात बोलून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही अजिबात नाही. पैसे खात्यावर मागा, रोख दिले तर वहीत तारीख टाकून मुकादमाची सही घ्या. मुकादमाचं कमिशन, त्याच करारानं २० टक्के, कारखाना वेगळं देतो, ते तुमच्या मजुरीतून कापायचं नसतं. फडात गेल्यावर रोज वजनकाट्याच्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढायचा. पोरगी शिकलेली असली तर तिच्याकडं वही द्या, ती बापापेक्षा चोख लिहिती.

उचल कमी घेतली तर मधली गरज सावकाराकडं न्यायची नाही मात्र. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के होतात, आणि लायसनवाल्या सावकाराला सुद्धा शेतकऱ्याला बिनतारण कर्जावर १२ टक्क्याच्या वर घेता येत नाही, २०१४ चा सावकारी कायदा लागू आहे. बेकायदा सावकाराची तक्रार तालुक्याला सहायक निबंधकाकडं करायची. त्यापेक्षा बचत गटाचं कर्ज परवडतं.

निघायच्या आधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या, पोरांना हंगामी वसतिगृहात ठेवायचं असलं तर शाळेत आधीच सांगा. रेशनकार्डाची केवायसी करून ठेवा, धान्य कारखान्याच्या गावात पण मिळतं, सहा महिन्याचं गहू-तांदूळ विकत घेतलं तर खर्ची वाढणारच. घरकुल मंजूर असंल तर जरा अडचण आहे, पुढचा हप्ता बांधकामाच्या फोटोवर निघतो आणि तुम्ही तिकडं फडाजवळच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत), इकडं जोत्यावर गवत. घरातलं कुणीतरी मागं ठेवता आलं तर ठेवा, नाहीतर निघायच्या आधी जेवढं काम होईल त्याचा फोटो लावून घ्या. जागाच नसली तर जागा खरेदीला एक लाखापर्यंत मदत मिळायची योजना आहे, पंचायत समितीत विचारा.

आणि बाकीपायी कुणी बायको-पोरांना अडकवून ठेवलं, गावाला जाऊ देईना, तर तो उधारीचा वाद राहत नाही, १९७६ च्या कायद्यानं ती वेठबिगारी आहे आणि अशी बाकी फेडायचं बंधनच राहत नाही. जिथं अडकवलंय तिथल्या तहसीलदाराला आणि जिल्हाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, काट्याच्या पावत्यांचे फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.