जेलमधून सुटलेल्यांसोबत काम करायचंय? माझा ९ वर्षांचा अनुभव

सुटका बहुतेक वेळा संध्याकाळी होते. कोर्टाचा कागद जेलला पोचतो, तपासणी होते, नाव पुकारतात आणि माणूस अंधार पडता पडता गेटबाहेर येतो, हातात कपड्यांची एक पिशवी, फोन नाही. या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ही वेळ आधी डोळ्यासमोर आणायला सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

पहिल्या वर्षातली गोष्ट. परभणीकडचे एक दादा, चोरीच्या केसमध्ये कच्चे कैदी (खटल्याचा निकाल अजून न लागलेले) म्हणून १४ महिने आत होते. जामीन कधीच मंजूर झालेला, पण १५ हजारांना जामीनदार कोण राहणार? आम्ही वकिलांमार्फत रक्कम कमी करून घेतली, मी त्यांच्यासाठी एका वर्कशॉपमध्ये काम पण बघून ठेवलं, सोमवारपासून पाठवा म्हणाले मालक. सुटका झाली शुक्रवारी. मला वाटलं शनिवारी येतील ऑफिसला. ते रात्री स्टेशनवर झोपले, पहाटे संशयावरून उचलले गेले, जुना रेकॉर्ड निघाला आणि सोमवारी मालक मला फोन करून विचारतोय की माणूस कुठाय. काम शोधलं होतं मी, पण त्या एका रात्रीचा विचारच केला नव्हता.

तेव्हापासून बाहेरचं काम मी आतच सुरू करते. जेलमध्ये भेटले की केसबद्दल कमी आणि हे जास्त विचारते: सुटल्यावर न्यायला कोण येईल, कोणाचा नंबर तोंडपाठ आहे, आधार कार्ड कुठे ठेवलंय. काय गुन्हा केला हे स्वतःहून सांगतील तेव्हा ऐकायचं. कागदपत्रांचं तर पूर्ण चक्र असतं, आत असताना सिम बंद पडतं, नंबर दुसऱ्या कोणाला जातो, मग आधारचा ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून बँक अडते, रेशन अडतं. म्हणून सुटल्यावर पहिल्या आठवड्यात आधार केंद्रावर स्वतः सोबत जाऊन नवा नंबर जोडून घ्या. नुसतं "जाऊन या" म्हटलं तर खूप जण जात नाहीत, सरकारी ऑफिसच्या दारातूनच परत फिरतात.

घरच्यांकडे पण सुटकेच्या आधी जायचं. बायकांच्या बाबतीत हे फार अवघड जातं. पुरुष सुटला तर आई, बायको कोणीतरी गेटवर असतं, बाई सुटली की बऱ्याचदा कोणीच नसतं. एका ताईंच्या माहेरी मी ४ वेळा गेले, आई दारातच सांगायची की धाकटीचं लग्न व्हायचंय, आत्ता हिला आणू नका. ताईंची मुलगी ६ वर्षांची होईपर्यंत आत त्यांच्याजवळच होती, मग बालकल्याण समितीमार्फत बालगृहात गेली. सुटल्यावर मुलगी परत हवी तर राहायला जागा दाखवावी लागते, आणि जागा कोण देणार? शेवटी मावशीने घरी ठेवून घेतलं. मावशीचं नाव आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं, ताईच एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचे. हे असं ऐकून लक्षात ठेवणं म्हणजेच आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानात १९३९ ला सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत, तिथे कैदी कुटुंबासोबत राहून शेती करतात. जमलं तर एकदा बघून या.

कामाचं म्हणाल तर मोठ्या कंपन्या पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतात, तिथे गाडी अडते. छोटी वर्कशॉप, केटरिंग, टेम्पो, बांधकाम इथे जमतं. मालकाला काय सांगायचं ते त्या माणसाला विचारूनच सांगा. आणि सुरुवातीला रोजचा किंवा आठवड्याचा पगार मिळेल असं बघा, ज्याच्या खिशात १०० रुपये नाहीत तो ३० दिवस थांबणार कसा? अजून एक, जामिनावर सुटलेल्याच्या तारखा चालूच असतात. तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि माणूस परत आत. मी सगळ्यांच्या तारखा माझ्या डायरीत लिहिते आणि आदल्या संध्याकाळी फोन करते, मालकाला पण आधीच सांगून ठेवते.

पारधी वस्तीतल्या माणसासोबत काम करताना जास्त जागं राहावं लागतं. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला पण गावात चोरी झाली की दार अजून त्याचंच वाजतं. वस्तीचं कोणीतरी आणि एक वकील फोनवर मिळेल एवढी सोय आधी करून ठेवा.

कायद्याचं थोडं तरी वाचा. देशातल्या दर ४ कैद्यांमागे साधारण ३ कच्चे कैदी आहेत. नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायची तरतूद आहे, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले सोडून. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी, दंडासाठी पैसे देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे, आत असलेल्या बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठाय ते पहिल्या दिवशीच शोधा.

सुरुवात कुठून करायची? एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेलं असेल तर उत्तम, टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत याच कामात आहे, तिथलं काम बघा. डिग्री नसेल तर विधी प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करता येतो. पण लगेच केस हातात घेऊ नका. पहिला महिना जेलबाहेर मुलाखतीच्या, म्हणजे कैद्यांना भेटायच्या रांगेत त्यांच्या घरच्यांसोबत उभे राहा, सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली ठेवा. कोण दर आठवड्याला येतं, कोण मुलाला शाळा बुडवून आणतं, कोणाचा नंबर लागायच्या आधीच वेळ संपते, हे तिथेच कळतं.