पावसाआधी मातीच्या बांधाची तपासणी

पूर अडवायला बांधलेलं धरण एरवी रिकामंच असायला हवं. म्हणून आधी मोरी, म्हणजे बांधाखालून पाणी बाहेर सोडणारी नळी, बघा. जाळीत अडकलेला पालापाचोळा, फांद्या काढा. मोरी तुंबली तर पहिल्याच सरीत तलाव भरतो आणि दुसरीला जागा उरत नाही.

मग माथ्यावरून दोरी ताणा. मधला भाग खचलेला दिसला तर पाणी तिथूनच उलटेल, आणि माती एकदा वाहायला लागली की तासाभरात खिंडार पडतं. खचलेल्या जागेवरचं गवत खरवडून काढा, ओलसर चिकणमाती 15 सेंमीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर ठोकून घट्ट करा. कोरडी माती नुसती ओतून काही होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खालच्या बाजूच्या पायथ्याशी द्या. पाझर थोडाफार असतोच. तो बाटलीत धरा, तासभर ठेवा. पाणी नितळ राहिलं तर फक्त नोंद ठेवा. तळाशी गाळ बसला तर बांध आतून पोखरला जातोय. अशा ठिकाणी माती थापून भोक बुजवू नका (बहुतेक जण नेमकं हेच करतात), दाब वाढून पाणी दुसरीकडे फुटतं. पाझराच्या जागेवर आधी जाड वाळू, मग खडी पसरा, जलाशयाची पातळी हळूहळू उतरवा आणि अभियंत्याला लगेच बोलवा.

उतारावरची झुडपं लहान असतानाच मुळासकट उपटा. मोठं झाड मात्र परस्पर तोडू नका. मुळं कुजून आत पोकळ नळ्या तयार होतात.

सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायची वाट) मासे अडवायला जाळी? अजिबात नको.