लसूण ठेचा आणि दहा मिनिटं थांबा

दादरच्या भाजी गल्लीतून आणलेल्या पिशवीत लसूण, हळद, मेथी सगळं असतंच. तरी साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढलं की आपण महागड्या पावडरी शोधत बसतो. झाड स्वतःच्या बचावासाठी जो रंग, उग्र वास, कडूपणा तयार करतं, त्यातली बरीच द्रव्यं आपल्या चयापचयालाही हातभार लावतात. यांनाच जैवसक्रिय घटक म्हणतात. ते पोटात किती जातात हे मात्र ओट्यावरच ठरतं.

सुरुवात लसणापासून करा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, कारण अ‍ॅलिन हे द्रव्य आणि त्याच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच, आणि लसणातला जैवसक्रिय घटकही हाच. हे विकर उष्णतेने निकामी होतं. म्हणजे ठेचल्या ठेचल्या लसूण कडकडीत तेलात टाकला, तर अ‍ॅलिसिन तयार व्हायला वेळच मिळत नाही. मी सकाळी पाच पाकळ्या ठेचून वाटीत ठेवते आणि कणीक मळायला घेते. कणीक होईतो दहा मिनिटं सहज जातात, गाडीही चुकत नाही.

हळदीत कर्क्युमिन (तिचं पिवळं जैवसक्रिय द्रव्य) साधारण 3 टक्केच असतं आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. तेल आणि मिरी असली तर जरा बरं. 1998 मध्ये बंगळूरुच्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पिपरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा शोषण सुमारे वीस पटीने वाढलं. अर्थात ते शुद्ध कर्क्युमिन होतं. आमटीतल्या चिमूटभर हळदीला औषध समजू नका. फोडणीत हळद आणि वरून मिरपूड, एवढं करा.

मेथीदाणे एक चमचा रात्री भिजत घाला. सकाळी बरेच जण पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. इथेच घोटाळा होतो. जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरवणारा बुळबुळीत तंतू मुख्यतः दाण्यात असतो. दाणे चावून खा, नाहीतर उसळीत ढकला.

नाचणीचं पीठ चाळू नका. तिचे पॉलिफेनॉल (हेही जैवसक्रिय घटकच) बरेचसे लालसर सालीत असतात. वस्त्रगाळ सत्त्व तान्ह्या बाळाला ठीक, पण साखर असलेल्या आजोबांना भाकरीच वाढा. टोमॅटोचं उलट: तेलात शिजवला की त्यातलं लाल रंगाचं लायकोपीन जास्त मिळतं. कोशिंबीर खाऊ नका असं नाही, पण साराला नाक मुरडू नका.

जेवणावर लगेच चहा नको, त्यातली तुरट टॅनिनं अन्नातलं लोह अडवतात. तासभर थांबा. (ऑफिसात हे जमवणं सगळ्यात अवघड, मला अजून रोज जमत नाही.)

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोज मेथीदाणे सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी कच्च्या लसणाबाबतही विचारावं. आणि सोलकढीसाठी बाटलीतलं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल, तर त्यात मीठ भरपूर असतं. बीपी असेल तर आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कोळून घ्या. लाल रंग पाण्यात छान उतरतो आणि मीठ किती घालायचं ते आपल्या हातात राहतं.